ओल

आमच्या सातारा बाजूला ‘ओल’ हा शब्द चांगला आहे. रब्बीच्या पेरणीआधी वडील शेतात जाऊन मूठभर माती उचलत, ती दाबत आणि मूठ उघडल्यावर ढेकूळ फुटले नाही, तर “ओल हाय” एवढेच म्हणत. तेवढ्या दोन शब्दांवर घर निश्चिंत होई. माणसाविषयी बोलतानादेखील अमक्याच्या मनात ओल आहे असे म्हटले, म्हणजे ती स्तुतीच. हा शब्द ऐकून छातीत धस्स व्हावे, हे माझ्या नशिबी आले वयाच्या पासष्टाव्या वर्षी. आणि तेही इंग्लंडात, एका जुन्या मोटारहोमच्या पायी.

ही वस्तू ज्यांनी आतून पाहिली नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. मालवाहू मोटारीच्या सांगाड्यावर एक लहानशी खोली बांधलेली असते. तीत दोघांपुरता बिछाना, शेगडी, फ्रिज, पाण्याची टाकी आणि कपाटाएवढे न्हाणीघर. भिंत बाहेरून पातळ अॅल्युमिनियमची, आतून प्लायवूडची. आणि या दोहोंच्या मध्ये लाकडी पट्ट्यांची चौकट व थर्मोकोल. जिथे दोन पत्रे मिळतात त्या फटीत रबरासारखा मसाला भरलेला असतो. दहा-बारा वर्षांत तो सुकतो, तडकतो आणि पाऊस आत उतरू लागतो. गंमत अशी, की तो दिसत नाही. आतले लाकूड कुजून भुगा होत असते आणि वरचे प्लायवूड शेवटपर्यंत साळसूदपणे चकचकीत राहते. म्हणून ओल मोजण्याचे एक छोटे यंत्र मिळते. त्याच्या दोन सुया भिंतीला टेकवल्या की टक्के दिसतात. पंधरापर्यंत काळजी नाही. विसाच्या पुढे पाणी शिरले असे समजावे. तिसाच्या पुढे चौकट गेली. मोटारीचे एंजिन, पट्टा, टायर यांचे दोष कोणताही गॅरेजवाला सांगतो आणि पैसे घेऊन दुरुस्तही करतो. जुन्या मोटारहोमचे खरे मरण मात्र भिंतीत असते.

इंग्लंडमधल्या एका शाळेत मी तीस-पस्तीस वर्षे गणित शिकवले. माझी पत्नी तिथल्याच इस्पितळात परिचारिका होती. २०१५ साली, दोघांनाही निवृत्तिवेतन सुरू झाल्यावर, आम्ही २००४ सालच्या बनावटीची, फियाट ड्युकाटोवर बांधलेली एक गाडी साडेसतरा हजार पौंडांना घेतली. विकणारे गृहस्थ ऐंशीच्या घरातले होते. त्यांची पत्नी दोन वर्षांपूर्वी वारली होती. मी विचारले, “ओल वगैरे?” ते म्हणाले, “कोरडी ठणठणीत आहे.” चहा दिला, नकाशांचा एक गठ्ठा फुकट दिला, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत दारात उभे राहिले.

पुढच्याच वर्षी तपासणीत कारागिराने मागच्या डाव्या कोपऱ्यात, कपड्यांच्या कपाटाआड यंत्र टेकवले. अठ्ठावीस! प्लायवूड काढल्यावर आतले लाकूड ओल्या केकसारखे बोटांनी निघत होते. चोवीसशे पौंड खर्च आला. त्या म्हाताऱ्याला मी त्या दिवसापासून जे बोल लावू लागलो ते पुढे आठ वर्षे लावीत होतो. पत्नी म्हणे, “अहो, त्यांना ठाऊक नसेल.” मी म्हणे, “अगं, दहा वर्षं जो माणूस या गाडीत निजला त्याला ठाऊक नसेल?”

तक्रार बाजूला ठेवली तर ती आठ वर्षे सुखाची गेली हे कबूल केले पाहिजे. पत्नीने गाडीचे नाव ‘विंचवाचं बिऱ्हाड’ ठेवले. आमची मराठी मित्रमंडळी थट्टेने विचारीत, “काय, वानप्रस्थ कुठवर आला?” आणि त्या थट्टेने मी मनातून फुलत असे. घर सोडून निघालेला, आज इथे तर उद्या तिथे राहणारा मी कोणी एक अनिकेत आहे, असा समज माझ्या डोक्यात घर करू लागला होता. तो एका वजनकाट्यावर उतरला. माझ्या गाडीला साडेतीन टनांपेक्षा अधिक वजनाची परवानगी नाही. काट्यावर घातली तर ती सत्तर किलो जादा भरली! मग सुरू झाले उतरवणे. दोन कुकरांपैकी एक, दहा किलो तांदूळ, पोळपाट, माझी पुस्तके, घडीच्या चार खुर्च्यांपैकी दोन. पुस्तके उतरली, पण लोणच्याची बरणी शेवटपर्यंत उतरली नाही. महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाचा तपस्वी आहे. तो इतका निश्चल उभा राहिला, की त्याच्या जटांत पाखरांनी घरटे बांधले. पिले उडून गेल्यावर, आपल्याएवढा धर्म कोणाला साधला, असे त्याला वाटले. तेव्हा त्याला ऐकू आले, की काशीत तुलाधार नावाचा वाणी आहे, त्याची सर तुला नाही. डोक्यावर घर वागवणारा तपस्वी आणि काटा समोर धरून बसलेला वाणी! ती गोष्ट मला त्या काट्यावर आठवली ती केवळ विनोद म्हणून. तिचा पुढचा भाग माझ्या वाट्याला यायचा होता.

प्रवासाचे वर्णन करीत बसत नाही. एकच जागा सांगतो, कारण ती पुढे मला वारंवार आठवली. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर लिंडिसफार्न नावाचे बेट आहे. तिथे जाणारा रस्ता समुद्रातून जातो आणि दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याखाली बुडतो. कोणत्या वेळी रस्ता सुरक्षित आहे याचा तक्ता दोन्ही टोकांना लावलेला असतो. तरी मोटारी पाण्यात अडकतात आणि माणसांना सोडवून आणावे लागते. तक्ता वाचता येत नाही अशी ती माणसे नसतात. त्यांना समोर कोरडा रस्ता दिसतो आणि ती म्हणतात, अजून पाणी कुठे आले आहे! मी त्यांना मनसोक्त हसलो होतो.

इंग्लंडात वयाच्या सत्तरीला मोटारीचा परवाना नवा करावा लागतो, आणि मग दर तीन वर्षांनी. मी २०२१ साली तो केला आणि २०२४ साली पुन्हा करायला घेतला, तेव्हा त्यासाठी कोणी डोळे तपासत नव्हते. वीस मीटरवरून मोटारीच्या नंबराची पाटी वाचता येते की नाही, हे आपण आपल्या सहीने सांगायचे. मी दारात उभा राहून समोरच्या शेजाऱ्यांच्या गाडीची पाटी वाचत असे आणि घडघडा वाचत असे. २०२४ च्या वसंतात पत्नी मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, “आज त्यांच्याकडे पाहुणा आलाय. त्याच्या गाडीचा नंबर वाचा.” मी वाचू लागलो आणि दुसऱ्या अक्षरावर थांबलो. शेजाऱ्यांची गाडी नऊ वर्षे तीच होती. तिचा नंबर मला तोंडपाठ होता!

मी कोणाला फसवीत होतो काय? शपथेवर सांगतो, पाटी वाचताना मला खरोखर वाटे, की मी ती वाचतो आहे. मात्र इतकी वर्षे पाहुण्याच्या गाडीचा नंबर वाचावा असे मला कधी सुचले नाही, हेही खरे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डाव्या डोळ्याच्या मध्यभागी बिघाड दाखवला. मी किल्ल्या खुंटीला टांगल्या, आणि गाडी विकायचे ठरले.

सोळा हजारांची जाहिरात दिली. दुसऱ्याच दिवशी फोन आला. तरुण जोडपे होते, नऊ महिन्यांचे मूल होते. घरभाडे परवडत नाही, म्हणून वर्ष-दीड वर्ष गाडीतच राहून पैसे साठवायचे असे त्यांच्या मनात होते. बोलणे संपता संपता त्या मुलीने विचारले, “ओल आहे का?”

मी म्हणालो, “गेल्या वेळी मोजली तेव्हा सतरा टक्के होती.”

हे वाक्य अक्षरश: खरे होते. पत्नी स्वयंपाकघरात होती. तिथूनच म्हणाली, “गेल्या वेळी म्हणजे कधी?”

गेल्या वेळी म्हणजे २०२२ साली. त्या मागच्या डाव्या कोपऱ्यात आधी तेरा होते, मग सतरा झाले. नंतर यंत्रातली बॅटरी संपली. ही चौकोनी बॅटरी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते; मी ती दोन वर्षे आणली नाही. कपाट उघडले की एक वास येई, तेव्हा मी तिथे कापराच्या वड्या ठेवल्या होत्या. हे सगळे करताना मी मनाशी एकदाही “भिंत ओली आहे” असे म्हटले नव्हते. म्हटले असते तर लपवले असे झाले असते.

लहानपणी आमचा एक बैल होता. दिसायला देखणा; पण चिखलात औत अडले की खाली बसायचा, आणि मग आभाळ कोसळले तरी उठायचा नाही. वडिलांनी त्याला बाजारात नेले. मी बरोबर होतो. उपरण्याखाली बोटे धरून सौदा झाला. गिऱ्हाइकाने दात पाहिले, खूर पाहिले, पाठीवर थाप मारली. परत येताना मी विचारले, “दादा, तो बसतो ते त्याला सांगितलं का?” वडील म्हणाले, “त्यानं इचारलं न्हाई, आपुन सांगितलं न्हाई.” मला ते उत्तर तेव्हा मोठे चतुर वाटले. त्यानंतर दोन वर्षे ते त्या बाजाराला गेले नाहीत. मीठमिरचीसाठीदेखील लांबच्या बाजाराला चालत जात. कारण कधी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

वडिलांचा हा न्याय जुना आहे. इसवी सनापूर्वी ४४ साली सिसेरोने अथेन्समध्ये शिकत असलेल्या आपल्या मुलासाठी कर्तव्यावर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात एक घर विकायला निघते. घर रोगट आहे, खोल्याखोल्यांतून साप निघतात, लाकूड वाईट, वास्तू पडायला आलेली. आणि हे मालकाखेरीज कोणालाच ठाऊक नाही. त्याने ते सांगावे काय? बॅबिलोनचा डायोजिनीस म्हणतो, घ्याच असा आग्रह त्याने कोणाला केलेला नाही. गप्प बसणे म्हणजे फसवणे नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्याचेच हे पाप आहे. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने निकाल देतो. इंग्लंडातल्या खाजगी खरेदीविक्रीत अजूनही पुष्कळसा भार घेणाऱ्याच्या डोळ्यांवर आहे. विकणाऱ्याने खोटे वर्णन मात्र करता कामा नये. आणि मी तर शुद्ध खरे बोललो होतो.

पण हे दोघेही तत्त्वज्ञ ज्याला ठाऊक आहे अशा मालकाविषयी भांडतात. ज्याने स्वत:ला ठाऊक होऊ दिले नाही त्याचे काय? त्याचा विचार एका गणितज्ञाने केला आहे आणि मी गणिताचा मास्तर असल्यामुळे त्याचा निबंध तरुणपणी वाचला होता. विल्यम क्लिफर्ड त्याचे नाव. १८७७ सालच्या त्या निबंधात एक जहाजमालक आहे. जहाज जुने झाले आहे, अनेकदा डागडुजी झालेली आहे, आणि त्यातून स्थलांतर करणारी कुटुंबे जाणार आहेत. मालकाच्या मनात शंका येतात. जहाज पुन्हा तपासावे तर खर्च मोठा. मग तो स्वत:ची समजूत घालतो, की आजवर इतक्या सफरी झाल्या, इतकी वादळे झाली, परमेश्वर या कुटुंबांना सांभाळीलच. शंका मावळतात आणि तो मन:पूर्वक, प्रामाणिकपणे मानू लागतो की जहाज भक्कम आहे. जहाज बुडते. मालक विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड म्हणतो, त्याची श्रद्धा प्रामाणिक होती याने काहीही वाचत नाही. ती बाळगण्याचा त्याला हक्कच नव्हता. एवढ्यावर तो थांबत नाही. जहाज सुखरूप पोचले असते तरी तो माणूस दोषीच, असे तो बजावतो.

वयाच्या पंचविशीत मला हे फार पटले होते. आज पूर्ण पटत नाही. क्लिफर्ड तेहतिसाव्या वर्षी वारला. म्हातारपण त्याने पाहिले नाही. आपल्या प्रत्येक भिंतीला सुया टोचीत राहणारा माणूस जगेल कसा? मुले फोनवर “सगळं ठीक” म्हणतात, आणि आपण पुढचा प्रश्न विचारीत नाही. पन्नास वर्षांच्या संसारात काही कपाटे आम्ही दोघांनीही उघडलेली नाहीत आणि ते बरेच झाले. स्वत: जिथे निजायचे तिथली ओल न मोजण्याची थोडी मुभा माणसाला असावी, असे मला वाटते. पण ज्या कोपऱ्यात आता दुसऱ्याचे नऊ महिन्यांचे मूल निजणार, त्या कोपऱ्याविषयी माझे अज्ञान हे माझे खाजगी राहत नाही. आणि या दोन गोष्टींतली सीमा मी ओलांडली ती फोनवर. वास, कापूर, न आणलेली बॅटरी, हे सारे तोवर माझ्यापुरते होते.

ती मंडळी रविवारी येणार होती. शनिवारी रात्री धुराची सूचना देणाऱ्या घरातल्या घंटीची बॅटरी मी काढली. ती तसलीच असते, हे मला ठाऊक होते. यंत्रात घातली, कपाटातले कापूर बाहेर काढले आणि सुया टेकवल्या. एकतीस. वर गेलो तर एकोणतीस. खाली, चाकाच्या कमानीजवळ, अंगठा दाबला तर प्लायवूड आत गेले.

पत्नी दारात टॉर्च धरून उभी होती. तिने काही विचारले नाही. मी म्हणालो, “उद्या सांगतो त्यांना.” ती म्हणाली, “आत्ता सांगा. ती पोरं गाडी बदलत तीन तास येणार.” रात्रीचे साडेदहा झाले होते, एवढ्या उशिरा फोन कसा करायचा, असे मी म्हणालो. ती शिष्टाचाराची गोष्ट होती, की आणखी एक कापराची वडी, हे वाचकांनीच ठरवावे.

ती मंडळी आली. मी कपाट उघडून दाखवले, आकडे सांगितले. त्याने माझे आभार मानले. तिने मानले नाहीत. मुलाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेत ती म्हणाली, “फोनवर तुम्ही सतरा म्हणाला होता.” ते २०२२ चे, असे सांगायला मी तोंड उघडले आणि मिटले. पत्नीने त्यांना जेवायला थांबा म्हटले. ती थांबली नाहीत. येण्याजाण्याचे भाडे मी देऊ केले. तेही घेतले नाही. एरवी खरे बोलल्यावर हलके वाटते म्हणतात. मला त्या संध्याकाळी तसे काही वाटले नाही.

त्या रात्री मला ते ऐंशीच्या घरातले गृहस्थ आठवले. ओला कोपरा कपड्यांच्या कपाटामागे होता. गाडी घेतली तेव्हा त्या कपाटाच्या डाव्या बाजूला दोन बायकी हँगर तसेच लटकत होते. हे मला इतक्या वर्षांनी एकदम आठवले. दोन वर्षे त्यांनी ते कपाट उघडले नसेल. “कोरडी ठणठणीत” हे ते खोटे बोलले नसतील. शेवटी पाहिली तेव्हाची, ती जिवंत असतानाची गाडी ते सांगत असतील. क्लिफर्डच्या हिशेबात दु:खाने न पाहणे आणि लोभाने न पाहणे यांत फरक नाही. मी त्यांना आठ वर्षे लबाड म्हटले, ते शब्द मागे घेतो. चोवीसशे पौंड मात्र माझेच गेले, आणि ते जायला नको होते, हेही मला तितकेच खरे वाटते. या दोहोंचा मेळ मला घालता आलेला नाही.

गाडी अखेर सप्टेंबरात गेली. घेणारा सुतार होता. मी सांगू लागण्यापूर्वीच त्याने कोपऱ्यावर बोटाने टकटक केले आणि हसला. आकडे सांगितले, तर म्हणाला, “तिसाच्या वरच असणार.” साडेआठ हजारांना सौदा झाला. मी त्याला पट्टा कधी बदलला ते सांगितले, टायरांवरचे आकडे दाखवून त्यांचे वय सांगितले, छताची खिडकी वाऱ्याने वाजते तेही सांगितले. ओल मोजायचे यंत्रही देऊन टाकले. तो गाडी घेऊन गेला तेव्हा मी वळणापर्यंत पाहत उभा राहिलो.

संध्याकाळी पत्नी म्हणाली, “फ्रिजचं सांगितलंत ना?”

आमचा फ्रिज गॅसवर लावला की गाडी जरा कलती उभी असेल तर विझे, आणि पुन्हा लावायला अर्धा तास लागे. हे सांगायचे राहिले. मी विसरलो. खरोखरच विसरलो, असे मी तिला दोनदा सांगितले.

तिने सुताराचा नंबर लिहिलेला कागद फ्रिजवर, म्हणजे आमच्या घरातल्या फ्रिजवर, चिकटवला आणि माझा चष्मा आणून त्याच्याजवळ ठेवला.